कर्जबाजारी कंपनी विकत घेताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

सुस्थितीतल्या कंपनीच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष असतात. कर्जात रुतलेल्या कंपनीत मालक समोर बसलेला असतो, वाटाघाटीही तोच करतो, पण ‘हो’ म्हणण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्याच्या हातून गेलेला असतो. तो कर्ज देणाऱ्यांकडे आणि पुढे न्यायालयाकडे सरकलेला असतो. नवखा खरेदीदार येतो तो ‘स्वस्तात केवढ्याला मिळेल?’ हा प्रश्न घेऊन. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: कंपनीची रोकड किती आठवडे पुरणार आहे आणि कंपनीची किंमत धनकोंच्या रांगेत, म्हणजे ज्या क्रमाने त्यांचे पैसे फेडले जातात त्या क्रमात, नेमकी कुणापाशी संपते. ही दोन उत्तरे हाती असतील तर पुढच्या चुका दुरुस्त करता येतात. नसतील तर उत्तम वकीलही फारसे वाचवू शकत नाही.

पायरी १: रोकड मोजा

नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद नंतर वाचा. आधी तेरा आठवड्यांचा रोकड-अंदाज मागा. या क्षेत्रात सगळीकडे हेच माप वापरतात: एक तिमाही, आठवड्यागणिक. ग्राहकांकडून कधी किती येणार. पगार, कच्चा माल, वीज, कर, हप्ते यांत कधी किती जाणार. कंपनीकडे असा अंदाज नसेल, आणि पुष्कळदा नसतोच, तर त्यांच्या हिशेबनीसाबरोबर बसून तो स्वतः तयार करा. मग बँकेचे उतारे घेऊन मागचे दोन महिने ताडून पाहा: येईल म्हणून सांगितलेले पैसे खरोखर आले का? शिल्लक ज्या आठवड्यात शून्याखाली जाते, तो आठवडा म्हणजे तुमची खरी मुदत. त्याआधी व्यवहार तरी व्हायला हवा किंवा तात्पुरत्या पैशाची सोय तरी.

मग दुखणे कुठले आहे ते ओळखा. व्याज आणि हप्ते क्षणभर बाजूला ठेवा. धंद्यातून, आवश्यक दुरुस्ती-देखभालीचा खर्च वजा जाता, पैसे उरतात का? उरत असतील तर धंदा धड आहे, भांडवलाची रचना बिघडली आहे. कर्जाची पुनर्रचना अशा कंपनीला खरोखर उभी करू शकते. उरत नसतील तर कर्ज कितीही कापले तरी वर्ष-दीड वर्षात ती पुन्हा त्याच जागी येईल. तिथे धंदाच बदलावा लागतो, काही कारखाने बंद करावे लागतात, एखादा विभाग विकावा लागतो. प्रत्यक्षात दोन्ही दुखणी एकत्र सापडतात, म्हणून हा हिशेब अख्ख्या कंपनीचा एकदम न करता प्रत्येक कारखान्याचा, प्रत्येक उत्पादनाचा वेगळा करा.

काही खुणा पत्रकांच्या आधी दिसतात. साठ दिवसांच्या उधारीवर माल देणारे पुरवठादार आगाऊ पैसे मागू लागतात. कामगारांच्या भविष्य निधीचे आणि कराचे भरणे लांबतात. लेखापरीक्षक मुदत संपण्याआधी काम सोडतो. मालकाच्या इतर कंपन्यांकडून ‘येणे’ असलेली रक्कम दरवर्षी फुगत जाते. या शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्या. तिथून पुढे पायरी ४ मधले प्रश्न उभे राहतात.

पायरी २: कर्जाचा नकाशा काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एका मोठ्या कागदावर प्रत्येक धनको लिहा: रक्कम किती, तारण काय, ते तारण रीतसर नोंदवलेले आहे का, हमी कुणी दिली आहे, समूहातल्या कुठल्या कंपनीने कर्ज घेतले आणि कुणी वापरले. नोंदणीत चूक असलेले तारण दिवाळखोरीत टिकत नाही आणि बडा धनको एका दिवसात विनातारण धनकोंच्या रांगेत जाऊ शकतो. म्हणून कर्जकरार वाचणे पुरेसे नाही, नोंदवहीतला बोजाही तपासा.

आता ढोबळ उदाहरण घेऊ. समजा, चालू स्थितीत कंपनीची किंमत १०० कोटी आहे. प्रक्रियेचा खर्च आणि कामगारांची अग्रक्रमाची देणी १० कोटी. बँकेचे तारणी कर्ज ७० कोटी. विनातारण रोखेधारक ६० कोटी, पुरवठादार २० कोटी. शेवटी भागधारक. १०० मधून आधी १० जातात, मग बँकेचे ७० पूर्ण फिटतात, उरलेले २० कोटी रोखेधारक आणि पुरवठादार यांच्या ८० कोटींत वाटले जातात. म्हणजे त्यांना चौथा हिस्सा मिळतो. भागधारकांना काहीच नाही.

किंमत जिथे संपते तो थर इथे विनातारण धनकोंचा आहे. जाणकार त्याला फल्क्रम म्हणतात आणि सत्ता तिथे असते. कर्जाच्या बदल्यात कंपनीचे भाग (शेअर) घेऊन उद्याचे मालक होऊ शकतात ते हेच लोक. त्या ८० मधले ६० रोखेधारकांचे, म्हणजे तीन चतुर्थांश मते त्यांच्या हाती. तुमची पहिली भेट त्यांच्याशी व्हायला हवी.

पण हेच गणित मोडीच्या किमतीवर पुन्हा करा. कारखाना बंद करून यंत्रे, जमीन विकली तर समजा ६५ कोटी येतात. १० गेले, बँकेला ५५ मिळाले. आता बँकेलाच १५ कोटींचा खड्डा आहे आणि खालच्या सगळ्यांच्या हाती शून्य. म्हणजे कंपनी चालू राहण्यात बँकेचाही स्वार्थ आहे, आणि हा ३५ कोटींचा फरक हाच तुमच्या वाटाघाटीचा सगळा अवकाश. प्रत्येक धनको काय बोलतो याकडे फार पाहू नका. दोन्ही परिस्थितींत त्याला किती मिळते ते लिहून ठेवा. तो कसा वागेल ते त्या दोन आकड्यांतून कळते. ज्यांना दोन्हीकडे शून्य आहे ते भागधारक वेळकाढूपणा करतात, कारण कालांतराने नशीब पालटेल एवढीच त्यांची आशा असते आणि थांबण्याची किंमत दुसरे मोजत असतात.

अग्रक्रमाचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, त्यामुळे हा नकाशा स्थानिक कायद्याशिवाय पुरा होत नाही. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये ही रांग लिहिलेली आहे. सगळ्या धनकोंना सारखेच मिळावे असा अर्थ लावून कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये एस्सार स्टील या दिवाळखोरीत गेलेल्या पोलाद कंपनीच्या धनकोंमधली वाटणी बदलली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ती रद्द केली: समानता एकाच थरातल्या धनकोंमध्ये, तारणी आणि विनातारणी यांच्यात नाही.

पायरी ३: मार्ग निवडा

न्यायालयाबाहेरचा मार्ग आधी तपासा. मुदतवाढ, व्याजात सवलत, काही कर्ज माफ, काही कर्जाचे भागांत रूपांतर. हे गुपचूप होते, ग्राहक बिथरत नाहीत, खर्च कमी येतो. अडचण एकच आणि मोठी: प्रत्येकाची संमती लागते. नव्वद टक्के धनको तयार असले तरी एखादा छोटा धनको ‘माझे पूर्ण द्या’ म्हणून अडून बसतो.

त्याला बांधून घेण्यासाठीच न्यायालयीन योजना असतात. अमेरिकेत चॅप्टर ११, म्हणजे दिवाळखोरी कायद्यातल्या पुनर्रचनेच्या प्रकरणामध्ये, मतदान करणाऱ्या प्रत्येक वर्गातल्या रकमेचे दोन तृतीयांश आणि संख्येने निम्म्याहून अधिक धनको लागतात. ब्रिटनच्या २०२० च्या कायद्यातल्या पुनर्रचना योजनेत वर्गातल्या रकमेचे ७५ टक्के. भारतात धनको समितीची ६६ टक्के मते. एवढे बहुमत जमले की बाकीचे बांधले जातात. शिवाय अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच आणि भारतात तो स्वीकारला जाताच वसुलीच्या कारवाया थांबतात आणि कंपनीला श्वास घ्यायला जागा मिळते.

कंपनी घ्यायची की मालमत्ता, हा पुढचा निर्णय. भाग विकत घेतले तर परवाने, करार, कर्मचारी जिथल्या तिथे राहतात, पण जुनी देणी, दावे, कराच्या नोटिसाही तुमच्याबरोबर येतात. मालमत्ता घेतली तर हवे ते उचलता येते. मात्र प्रत्येक परवाना आणि करार नव्या नावावर करून घ्यावा लागतो. न्यायालयाबाहेर बुडीत कंपनीचे भाग सरळ विकत घेणे मी नवख्या माणसाला कधीच सुचवणार नाही. न्यायालयाच्या देखरेखीखालची विक्री किंवा योजना महाग वाटते, पण जुन्या देण्यांपासून मिळणारे संरक्षण त्या खर्चाला पुरून उरते.

विलीनीकरणाचा मोह इथेच होतो. बुडणारी कंपनी आपल्या चांगल्या कंपनीत मिसळून टाकायची, तिचा साठलेला तोटा वापरून कर वाचवायचा. पण विलीनीकरणात त्या कंपनीची सगळी देणी कायद्यानेच तुमच्या अंगावर येतात आणि तिचा रोग तुमच्या ताळेबंदात पसरतो. कराच्या सवलतीलाही कुंपण असते: भारतात आयकर कायद्याने त्यावर अटी घातल्या आहेत आणि अमेरिकेत मालकी बदलल्यावर जुना तोटा दरवर्षी किती वापरायचा यावर मर्यादा आहे. आधी वेगळ्या उपकंपनीत घ्या, दोन-तीन वर्षे चालवून पाहा, मग मिसळायचे का ते ठरवा.

वेगाच्या दृष्टीने मार्गांत प्रचंड फरक आहे. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी अर्ज केला आणि १० जुलैला तिचा चांगला भाग नव्या कंपनीकडे गेलाही. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचा उत्तर अमेरिकेतला दलाली व्यवसाय सप्टेंबर २००८ मध्ये अर्जानंतर आठवड्याभरात बार्कलेज या ब्रिटिश बँकेकडे आला. याउलट एस्सार स्टीलची प्रक्रिया ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाली आणि ताबा मिळायला डिसेंबर २०१९ उजाडले. पोलाद कारखाना एवढा काळ तग धरू शकतो. जिची सारी किंमत माणसांत आणि ग्राहकांच्या विश्वासात आहे, अशी सेवा देणारी कंपनी तग धरत नाही. तिच्यासाठी आधीच सौदा ठरवून मग अर्ज करण्याचा मार्ग, ज्याला प्री-पॅक म्हणतात, तो बघा. ब्रिटनमध्ये तो रुळलेला आहे. मात्र जुन्या मालकाशी संबंधित व्यक्तीलाच अशी विक्री करायची असेल तर २०२१ पासून तिथे एक तर धनकोंची मंजुरी लागते किंवा स्वतंत्र मूल्यमापकाचा अहवाल.

पायरी ४: तपासणी, कमी वेळात

नेहमीच्या व्यवहारात तपासणीतून काही सुटले तर विकणाऱ्याने दिलेली हमी असते. इथे ती नसते, किंवा असली तरी तिच्यामागे पैसा नसतो. विक्री ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ या तत्त्वावर होते. त्यामुळे जे तपासता आले नाही त्याचा धोका किमतीतूनच वजा करावा लागतो. सगळे तपासायला वेळ मिळणार नाही हे गृहीत धरा आणि ज्यावाचून धंदा एक दिवसही चालणार नाही अशा गोष्टी आधी घ्या: जमिनीचा हक्क, मुख्य परवाने, पहिल्या काही ग्राहकांचे करार आणि मालकी बदलली तर ते मोडण्याची कलमे, सॉफ्टवेअरचे आणि ब्रँडचे हक्क नेमक्या कुठल्या कंपनीच्या नावावर आहेत, प्रदूषणाची जबाबदारी. गोदामात स्वतः जा. साठ्याची नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांत तफावत सापडणे ही अडचणीतल्या कंपनीत अपवादाची गोष्ट नाही.

ताळेबंदात न दिसणारी किंमतही शोधा. कॅनडाची दूरसंचार उपकरणे बनवणारी नॉर्टेल २००९ मध्ये बुडाली, तिचे व्यवसाय तुकड्यातुकड्याने विकले गेले, आणि शेवटी उरले पेटंट. २०११ च्या लिलावात गुगलने ९० कोटी डॉलरची पहिली बोली लावली होती. ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांच्या गटाने ती पेटंट ४५० कोटी डॉलरला घेतली.

मग मागचे व्यवहार. संकट जवळ आले की मालमत्ता नातलगांच्या कंपनीकडे सरकवणे, एकाच लाडक्या धनकोचे पैसे आधी फेडणे असे प्रकार होतात. कायदा ते उलटवू शकतो. भारतात एखाद्या धनकोला झुकते माप देणारे व्यवहार संबंधित पक्षांशी असतील तर दोन वर्षे आणि इतरांशी असतील तर एक वर्ष मागे जाऊन तपासले जातात. अमेरिकेत आतल्यांसाठी, म्हणजे संचालक, नातलग अशांसाठी, एक वर्ष, बाकीच्यांसाठी ९० दिवस. तुम्ही स्वतः प्रक्रिया सुरू होण्याआधी या कंपनीकडून स्वस्तात एखादा विभाग घेत असाल तर असाच नियम तुमच्यावर उलटू शकतो. म्हणून किंमत वाजवी असल्याचा स्वतंत्र मूल्यांकन अहवाल त्याच वेळी करून फाइलला लावा, नंतर नाही.

‘सर्व बोज्यांपासून मुक्त’ हा शब्दप्रयोग न्यायालयाच्या विक्रीच्या आदेशात असला तरी निर्धास्त होऊ नका. भारतात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले की मंजूर योजनेत नसलेले जुने दावे संपतात, सरकारी देणीसुद्धा. हे संरक्षण भक्कम आहे. पण जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचच्या प्रकरणात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की ज्या ग्राहकांना विक्रीची रीतसर सूचनाच मिळाली नाही, त्यांचे दावे त्या आदेशाने रोखता येत नाहीत. यातून घेण्यासारखे काम: संभाव्य दावेदारांची यादी जितकी मोठी करता येईल तितकी करायला लावा आणि प्रत्येकाला सूचना गेल्याचा पुरावा जपा.

पायरी ५: बोली

बोली लावण्याआधी आपण पात्र आहोत का ते पाहा. भारतात कलम २९अ नुसार थकबाकीदार प्रवर्तक आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्यक्तींना बोली लावता येत नाही. एस्सार स्टील घेणाऱ्या आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीला पात्र ठरण्यासाठी आधी उत्तम गॅल्वा आणि केएसएस पेट्रॉन या पूर्वी संबंध असलेल्या कंपन्यांची हजारो कोटींची थकबाकी भरावी लागली. म्हणजे स्वतःच्या समूहाची जुनी नाती आधी तपासा.

धनकोंना मोठा आकडा आवडतो, पण त्याहून खात्री आवडते. आज मिळणारे ४० आणि पाच वर्षांत मिळतील असे सांगितलेले ६० यांत अनुभवी धनको बहुधा ४० निवडतो. बोलीत अटी कमी ठेवा, निधी कुठून येणार याचा कागद जोडा आणि पूर्ण होण्याची तारीख लिहा. अमेरिकी लिलावात पहिली बोली लावून पाया घालणाऱ्याला स्टॉकिंग हॉर्स म्हणतात. दुसरा कुणी जिंकला तर या पहिल्या बोलीदाराला ठरलेली भरपाई मिळते आणि कराराचा मसुदा त्याचाच चालतो. तुमच्याकडे तपासणीसाठी इतरांहून अधिक वेळ असेल तर ही जागा चांगली. तारणी धनको स्वतःच्या कर्जाच्या रकमेइतकी बोली रोख न देता लावू शकतो हेही लक्षात ठेवा. तुमचा खरा प्रतिस्पर्धी समोर बसलेली बँकच असू शकते.

पायरी ६: दरम्यान कंपनी जिवंत ठेवा

प्रक्रिया चालू असताना पगार आणि कच्चा माल यांसाठी पैसे लागतात. हे नवे पैसे देणाऱ्याला कायदा रांगेत पुढे जागा देतो. खरेदीदारानेच असे कर्ज दिले तर रोजच्या आकड्यांवर त्याची नजर राहते आणि सौद्यात वजनही येते. संचालकांनाही सावध करा: दिवाळखोरी अटळ किंवा नजीक दिसू लागली की त्यांनी धनकोंचे हित पाहिले पाहिजे, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि माणसे. कामगारांना व्यवहाराची बातमी बाहेरून कळू देऊ नका. त्यांनी या कंपनीच्या चुकांची किंमत आधीच थकलेल्या पगारांतून मोजलेली असते, आणि यंत्र कुठे अडते, कुठला ग्राहक का गेला, हे कुठल्याही अहवालापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. ज्यांच्यावाचून उत्पादन थांबेल अशांची यादी करा. थकलेला पगार कधी मिळेल ते लेखी सांगा, आणि जे देता येणार नाही ते देऊ असे म्हणू नका. छोट्या पुरवठादारांचेही तसेच. पायरी २ च्या उदाहरणाप्रमाणे कायद्याने त्यांना चौथा हिस्सा मिळत असेल, पण त्यांतल्या एकट्यानेच बनवलेला सुटा भाग हवा असेल तर त्याच्याशी पुढच्या मालाचे दर आणि रोखीचे वेळापत्रक ताब्याआधीच ठरवा. एका मोठ्या ऑर्डरच्या बळावर तगलेला असा पुरवठादार तुमच्या घाईमुळे बंद पडला तर अन्याय तर होतोच, तुमची उत्पादनसाखळीही तुटते.

पायरी ७: मंजुरीनंतर

मंजुरी मिळाली म्हणजे काम झाले असे समजणारे बरेच आहेत. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली, जून २०२१ मध्ये योजना मंजूर झाली, पण पैसे भरण्यावरून वाद चालत राहिला. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकण्याचा, आदेश दिला. मधल्या काळात कंपनीचे हवाई उड्डाण एकदाही नियमित सुरू झाले नाही. म्हणून योजनेतल्या प्रत्येक अटीपुढे तारीख, जबाबदार व्यक्ती आणि लागणारी रक्कम लिहा. ज्या परवान्यांवर तुमचा ताबा नाही त्यांवर पैसे भरण्याची मुदत अवलंबून ठेवू नका. सरकारी परवानगी लांबली तर धनको थांबतीलच असे नाही.

ताबा मिळाल्यावर पहिल्या दिवशी बँक खात्यांवरचे सह्यांचे अधिकार बदला, विमा चालू असल्याची खात्री करा, जुन्या मालकाच्या कंपन्यांना जाणारे सगळे पैसे थांबवा. पहिल्या आठवड्यात मुख्य ग्राहकांना स्वतः भेटा. आणि पायरी १ मधला तेरा आठवड्यांचा तक्ता बंद करू नका. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा प्रत्यक्ष आकडा त्यात भरा, पुढे एक आठवडा जोडा. सलग चार आठवडे अंदाज आणि प्रत्यक्ष यांत मोठा फरक पडत असेल तर नव्या कर्जदात्याला तुम्हीच आधी फोन करा. हप्ता चुकण्याआधी आलेल्या फोनला अटी बदलून मिळतात, नंतर आलेल्याला सहसा मिळत नाहीत.